कच्चं मडकं आणि औंढ्याची वाट



‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत येतो तो मूल नववीत गेल्यावर. दहावीचा फॉर्म भरायची वेळ जवळ आलेली असते. कुणीतरी सांगतं, सर्टिफिकेट काढलं तर पेपरला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. मग दवाखाना, झेरॉक्स, फोटो, सही-शिक्का अशी धावपळ सुरू होते. मूल तोवर चौदा वर्षांचं झालेलं असतं. आपल्याला वाचता येत नाही हे त्याला स्वतःला दुसरीपासून माहीत असतं. त्याच्या आईला माहीत असतं, बाकावर शेजारी बसणाऱ्यालाही माहीत असतं. मी आज बोलणार आहे ती दुसरी आणि नववीच्या मधल्या सात वर्षांबद्दल. त्या वर्षांत हे मूल काय ऐकतं, काय सोसतं आणि आई-बापांच्या हातात नेमकं काय असतं, याबद्दल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या धाकट्या मुलालाही हाच त्रास आहे, म्हणून फळ्याची बाजू आणि चुलीची बाजू दोन्ही मला ठाऊक आहेत. ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यामुळे शिक्षकांना जरा कडू वाटेल असंही काही मी बोलणार आहे. ते रागानं बोलत नाही, एवढं समजून घ्या.

आधी हा त्रास म्हणजे काय ते पाहू. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलगा हुशार, चटपटीत, खेळात कुणाच्या मागे नाही. पण वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. त्याच्या मास्तरांचं म्हणणं असं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांनी दोन गोष्टी एका श्वासात सांगितल्या. मुलाला वाचता येत नाही, आणि मुलगा हुशार आहे. आपल्या गावांत या दोन गोष्टी एकत्र उच्चारायला आजही जड जातं. वाचता येत नाही म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला असतो : ढ, मठ्ठ, ‘त्याच्या डोक्यातच जात नाही’.

डोक्यात सगळं जात असतं. अडचण असते ती आवाज आणि अक्षर यांची गाठ पक्की बसण्यात. इतर मुलांची ही गाठ वर्ष-दोन वर्षांत अशी बसते की पुढे वाचताना तिचा विचारही करावा लागत नाही. या मुलांना प्रत्येक शब्दाशी ती नव्यानं बांधावी लागते. काहींचा त्रास वाचनात असतो, काहींचा लिहिण्यात, काहींचा आकड्यांत. जगभरच्या अभ्यासांचा अंदाज असा आहे की शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांमागे पाच ते पंधरा मुलांना यातलं काही ना काही असतं. चाळीसचा वर्ग धरला तर कमीत कमी दोन मुलं. म्हणजे हे दुसऱ्या कुणाच्या घरचं दुखणं नाही.

हा त्रास बहुतेकदा घराण्यात चालत आलेला असतो. मूल वाचत नाही म्हणून बोलावलं की आजी सांगते, ‘त्याच्या बापाचं बी असंच होतं.’ औंढा तालुक्यातले एक वडील माझ्यासमोर बसले होते. स्वतः चौथीत शाळा सोडलेली. पण हळदीचं पोतं नुसतं हाताळून माल कसा आहे ते सांगतात आणि बाजारातला हिशेब कागदाशिवाय करतात. मुलाबद्दल मी जे समजावत होते ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, ‘म्हणजे मी बी ढ नव्हतो का मग?’ त्यांना मी ‘नाही’ म्हटलं. तीस वर्षं उशिरा दिलेलं ते उत्तर होतं. त्यांच्या मुलाला ते दुसरीत असतानाच मिळायला हवं.

महाराष्ट्राला या विषयाची जाग इतरांच्या आधी आली, हे अभिमानानं सांगायला हवं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी कुलकर्णी यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी या मुलांसाठी काम सुरू केलं. १९९६ मध्ये राज्य सरकारनं दहावीच्या परीक्षेत या मुलांना सवलती दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुका न धरणं अशा त्या सवलती. त्यांच्या जोरावर कितीतरी मुलं पुढं शिकली, त्यांची किंमत मी कमी लेखत नाही. पण सवलत जोडली गेली ती परीक्षेशी, त्यामुळे लोकांच्या मनात हा सगळा विषयच परीक्षेशी जोडला गेला. प्रमाणपत्र म्हणजे उपचार, अशी समजूत झाली. प्रमाणपत्रामुळे पेपर सोपा होतो. वाचता येऊ लागत नाही.

पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हे दिव्यांगत्व म्हणून नोंदलं गेलं. त्याचं सोळावं कलम शाळांवर जबाबदारी टाकतं की ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आणि ती पार करायला योग्य ती शिकवण्याची पद्धत वापरायची. सतराव्या कलमात दर पाच वर्षांनी शाळेतल्या मुलांचं सर्वेक्षण करायला सांगितलं आहे. जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ते आणखी स्पष्ट केलं. मूल तिसरीत आलं किंवा आठ वर्षांचं झालं, यातलं जे आधी असेल तेव्हा शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करायची आणि त्यासाठी शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली समिती असायची. बघा, कायद्यानं घातलेली वेळ तिसरीची आहे. आपण जागे होतो नववीत. मी म्हणते त्या सात वर्षांतली बहुतेक इथंच निसटतात.

आता जरा सावकाश बोलते. कारण इथं आपल्या जिल्ह्याची स्वतःची गुंतागुंत आहे आणि मुंबई-पुण्याच्या पुस्तकांत ती सापडत नाही.

दिवाळीनंतर आपल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर लेकरू मागं राहतं, नाहीतर कोपीवर जातं. परत आलेलं मूल वर्गात बसतं आणि त्याला जोडाक्षरं येत नाहीत. ती येतील कशी? शिकवली तेव्हा ते फडात होतं. या मुलाला अक्षमता नाही, त्याचं वर्ष बुडालं आहे. त्याला चार महिने नीट शिकवलं की ते भराभरा उचलतं. अक्षमतेचं मूल नीट शिकवलं तरी हळूहळूच उचलतं आणि काल आलेलं आज पुन्हा हरवतं. फरक या उचलण्यात दिसतो, एका दिवसाच्या चाचणीत दिसत नाही. म्हणून कुणी एका तासात तुमच्या लेकरावर शिक्का मारला तर तो घाईनं स्वीकारू नका.

दुसरी गुंतागुंत बोलीची. आपल्याकडे लेकरू ‘पानी’ म्हणतं, ‘कोन’ म्हणतं आणि तसंच लिहितं. वहीत ‘पानी’ लिहिणाऱ्या मुलानं ऐकलेला आवाज अचूक अक्षरात उतरवला आहे. त्याला आवाज आणि अक्षर जोडता येतं याचा तो पुरावाच आहे. ‘ण’ त्याला पुढे समजेल. काळजी करायची ती सोमवारी ‘नीपा’, मंगळवारी ‘पान’ आणि बुधवारी ‘पाक’ लिहिणाऱ्या मुलाची. तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं, शहरातल्या काही मोहल्ल्यांत घरची बोली दखनी आहे. ही मुलं शाळेत नवी भाषा आणि नवी लिपी एकदम शिकत असतात. त्यांच्या घरच्या भाषेत त्यांना गोष्ट सांगायला लावा. गोष्ट खळखळून आली तर मूल शाबूत आहे, त्याला मराठीची सवय व्हायला वेळ हवा आहे, एवढंच.

तिसरी गोष्ट कान-डोळ्यांची. ती लवकर सांगते, पण विसरू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. ते ज्या अडचणी तपासतात त्यांच्या यादीत अध्ययनाची अडचणही आहे. पथक येईल त्या दिवशी मूल शाळेत असू द्या. फळा न दिसणारं, सर्दीनं कान भरलेलं किंवा अंगात रक्त कमी असल्यानं पेंगणारं मूलही वाचत नाही. तिथं चष्मा, औषध आणि आहार यांनी काम होतं.

हे सगळं वगळूनही मूल अडतच असेल, तर काय?

इथं मला नरसीच्या नामदेवांची आठवण येते. आपल्या मातीतला माणूस, म्हणून तुम्हाला ती कथा मी सांगायला नको. पण एका वेगळ्या अंगानं ती पुन्हा ऐका. संत जमले होते. मुक्ताबाईंनी गोरोबाकाका कुंभारांना मडकी पारखायच्या थापटण्याबद्दल विचारलं आणि काका एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. सगळे गप्प बसले. नामदेवांना ते सहन झालं नाही आणि काकांनी निकाल दिला : हे मडकं कच्चं आहे. सर्वांच्या देखत. नामदेव दुखावले, रडत विठ्ठलाकडे गेले. आपण कीर्तनात ही कथा ऐकतो तेव्हा कच्च्या मडक्यापाशी हसतो आणि पुढे जातो. पण कथेचा सगळा जीव पुढच्या भागात आहे. विठ्ठलानं त्यांना सांगितलं की विसोबा खेचरांकडे जा. नामदेव औंढ्याला आले. पिंडीवर पाय ठेवून झोपलेला तो विलक्षण गुरू त्यांना भेटला आणि नामदेव तिथं शिकले. पुढे तेच नामदेव पंजाबपर्यंत गेले. त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

‘कच्चा’ हा शब्द ऐकून नामदेव घरी बसले असते तर? थापटण्याच्या त्या परीक्षेला अर्थ आला, कारण परीक्षेनंतर जायला औंढा होतं आणि तिथं शिकवणारा होता. आपण लेकरांना थापटणं मारतो. आठवड्याची चाचणी, घटक चाचणी, प्रगत-अप्रगत याद्या, आता पुन्हा सुरू झालेली पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा. निकाल सर्वांच्या देखत सांगतो. त्यापुढची औंढ्याची वाट मात्र दाखवत नाही. मला आज सांगायचं आहे ते हेच. ज्या तपासणीनंतर शिकवणं बदलत नाही, ती तपासणी लेकराला नुसतं दुखावते.

मग शिकवणं बदलायचं म्हणजे काय करायचं? आधी आपल्या लिपीकडे नीट बघा. चौतीस व्यंजनं आणि त्यांची बाराखडी धरली तर चारशेच्या वर चिन्हं होतात. जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’ म्हणताना कानाला आधी क ऐकू येतो, पण हात वेलांटी आधी काढतो. ‘सूर्य’ मधला र तोंडात आधी येतो आणि कागदावर य च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोच र ‘प्र’ मध्ये वेगळा, ‘ट्र’ मध्ये वेगळा. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला. तिथली लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची. तिथं त्यांना दिसलं की अक्षरांची पूर्ण ओळख व्हायला तिसरी-चौथी उजाडते. म्हणजे ज्यांना कसलाही त्रास नाही अशा मुलांनाही एवढा वेळ लागतो. आपण पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी ‘संपवतो’ आणि मुलं ती तालात म्हणतात, म्हणून खूश होतो. कधी मधल्याच ‘कु’वर बोट ठेवून विचारा. कितीतरी मुलं मनातल्या मनात ‘क का कि की’ म्हणत तिथवर येतात, तेव्हा उत्तर देतात. तोंडपाठ बाराखडी म्हणजे वाचन नव्हे.

फलटणच्या डॉ. मॅक्सीन बर्नसन मूळच्या अमेरिकेतल्या. १९८४ मध्ये त्यांनी फलटणला प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि गरीब वस्त्यांतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. त्यांच्या कामातून मी घेतलं ते हे : सगळी अक्षरं एकदम ओतायची नाहीत. थोडी अक्षरं, एखाददुसरी मात्रा, आणि लगेच त्यांचेच शब्द, त्यांचीच वाक्यं. मुलाला पहिल्याच आठवड्यात काहीतरी अर्थाचं वाचता आलं पाहिजे. पालघर जिल्ह्यात सोनाळ्याला नीलेश निमकर आणि त्यांची ‘क्वेस्ट’ ही संस्थाही आदिवासी मुलांबरोबर असंच चिकाटीचं काम करते. अडणाऱ्या मुलाला हीच पद्धत लागते, फक्त पावलं आणखी लहान आणि उजळणी आणखी जास्त. शिवाय अक्षर डोळ्यांनी बघायचं, तोंडानं म्हणायचं आणि बोटानं गिरवायचं, हे तिन्ही एकाच वेळी. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात ही रीत घडवली, आजही या मुलांसाठी तिचाच आधार घेतात. आपल्या पंतोजींच्या काळी धूळपाटी होती, ती आठवा. परातीत बारीक माती किंवा पीठ पसरा, मुलाला बोटानं ‘मा’ काढू द्या आणि काढता काढता म्हणू द्या. दिवसाला दोन अक्षरं पुरे.

आता मला नेहमी ऐकू येणाऱ्या वाक्याकडे येते. ‘मॅडम, मी अडाणी. मी काय शिकवू?’

मायबाई, वाचनाचं मूळ कानात आहे आणि कानाचं शिक्षण तुझ्याकडे आहे. शब्दाचे तुकडे ऐकू येणं, त्यातला एक आवाज काढून दुसरा घालता येणं, हे ज्याला जमतं त्याला वाचन सोपं जातं. या मुलांचं नेमकं इथंच अडतं. यासाठी आपल्या पोरांकडे शेकडो वर्षांपासून खेळ आहेत. भेंड्या खेळताना शेवटचं अक्षर पकडावं लागतं. ‘च’च्या भाषेत ‘घर’चं ‘चरघ’ होतं, ‘मला’चं ‘चलाम’ होतं. पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी ठेवायचं आणि सुरुवातीला च लावायचा. हा खेळ म्हणजे नुसती गंमत नाही, महागड्या केंद्रांत पैसे घेऊन करून घेतात तोच व्यायाम आहे. भाकरी थापताना विचारा, ‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय राहतं? निंदताना विचारा, ‘म’ वरून सुरू होणारी शेतातली पाच नावं सांग. ओव्या, उखाणे, कोडी, जिभेला वळण लावणारी वाक्यं हे सगळं पुन्हा घरात आणा. त्यातलं काही पाटीवर लिहावं लागत नाही. त्यासाठी आईला वाचता यावं लागत नाही.

आणि एक मागणं आहे. मुलाला रोज गोष्ट सांगा आणि त्याच्याकडून ऐका. वाचता न येणाऱ्या मुलाचा सगळ्यात मोठा तोटा होतो तो अक्षरांचा नसतो. पुस्तकातून येणारे शब्द, माहिती, कल्पना त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. पाचवीपर्यंत ते खरोखरच मागं पडतं आणि मग लोक म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो का? ते अंतर पडू देऊ नका. मोठ्या बहिणीनं ‘किशोर’ मासिक वाचून दाखवावं, आजोबांनी पोथीतली कथा सांगावी, विज्ञानाचा धडा कुणीतरी मोठ्यानं वाचावा आणि मुलानं तोंडी उत्तर द्यावं.

ज्या घरात कुणाला वाचता येतं तिथं जोडीनं वाचा. एकाच पुस्तकावर दोघांची बोटं, दोघांचा आवाज. मूल अडलं तर पाचापर्यंत मनात मोजा आणि शब्द सांगून पुढे चला. तिथं थांबून ‘फोड करून वाच, कालच तर सांगितलं’ असं म्हणायचं नाही. पंधरा मिनिटं झाली की पुस्तक बंद, मूल रमलं असेल तरी बंद. उद्या पुन्हा बसण्याची इच्छा शिल्लक राहिली पाहिजे. रविवारी दोन तास बसवून ओढून काढण्यापेक्षा रोजची पंधरा मिनिटं कितीतरी जास्त देतात. माझ्या घरी हे तिसरीपासून चाललं आहे. माझा धाकटा आता सातवीत आहे. सावकाश वाचतो, ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतो, पण इतिहासाचा धडा स्वतः वाचून भांडायला येतो.

काही गोष्टी करू नका, हे हात जोडून सांगते. पाहुण्यांसमोर ‘वाचून दाखव’ म्हणू नका. धाकटी बहीण पुढे गेली म्हणून तिचं उदाहरण देऊ नका. मारू नका. या मुलानं त्या एका शब्दाशी इतरांच्या तिप्पट झगडा केलेला असतो, आणि वर आपण त्याला आळशी म्हणतो. ज्या गोष्टीत त्याचा हात चालतो, मग ते गुरं सांभाळणं असो, मोटार उघडून जोडणं असो, कबड्डी असो की ढोलकी असो, ती शिक्षा म्हणून बंद करू नका. दिवसातून सहा तास ते अपयश पचवत असतं. उरलेल्या वेळात त्याला कुठंतरी जिंकू द्या.

मुलींबद्दल वेगळं सांगावंच लागेल. मुलगा वाचत नाही म्हणून आई-बाप माझ्याकडे येतात. मुलगी वाचत नाही म्हणून येणारे फार कमी. ती शांत बसते, वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढते, त्रास देत नाही, म्हणून शिक्षकांच्याही नजरेतून सुटते. सातवी-आठवीत ‘हिचं अभ्यासात लक्षच नाही’ असं ठरतं, शाळा सुटते आणि पुढचं तुम्ही जाणता. आपल्या भागात न वाचता येणं हे मुलीच्या लवकर लग्नाचं कारण होऊ शकतं. म्हणून मुलींची वही नाही, वाचन तपासा. न पाहिलेला परिच्छेद समोर ठेवा.

इंग्रजी शाळेचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. मराठीत अडलं म्हणून मुलाला इंग्रजी माध्यमात टाकलेली घरं मी पाहते. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बरंच सरळ आहे. इंग्रजीत तसं नाही. ज्याला सरळ रस्त्यावर चालणं जड जातं त्याला आपण घाटात पाठवतो, आणि घरी तर ती भाषा बोलणारंही कुणी नसतं. माझं मत स्पष्ट आहे : वाचन आधी घरच्या भाषेत पक्कं होऊ द्या. तसंच, या त्रासावर गोळी नाही, टॉनिक नाही. मेंदू जागा करून देतो म्हणून शिबिरं भरवणारे येतात, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात. त्यांना पैसे देऊ नका. नवस बोलला असेल तर जरूर फेडा, श्रद्धेला माझा विरोध नाही. फक्त त्यासोबत रोजची पंधरा मिनिटंही पाळा. काही मुलांना याच्या जोडीला अतिचंचलता असते. तिथं डॉक्टरांनी औषध दिलं तर घ्यायला लाजू नका.

शेवटी हक्काचं बोलते. मराठी मुलाची तपासणी मराठीतूनच व्हायला हवी. त्यासाठी साधनं आहेत. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत ‘डाली’ नावाच्या चाचण्या तयार केल्या आहेत. पहिली-दुसरीच्या मुलांची प्राथमिक चाळणी शिक्षकांना करता येईल, असा भागही त्यात आहे. समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाची तरतूद आहे आणि त्यासाठी विशेष शिक्षक नेमलेले असतात. ते शाळेत येतात तेव्हा हजेरीपटावर सही होऊन ते परत जाऊ नयेत. तुमच्या मुलासोबत बसले का आणि काय शिकवलं, हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे. तो उद्धटपणा नाही.

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला, तो लोकांची कामं जवळ व्हावीत म्हणून. २०२४ मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथं बालरोग विभाग असणार, मानसोपचार विभाग असणार. आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी राखून ठेवलेला तपासणी आणि मार्गदर्शनाचा कक्ष तिथं हवा, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करते. सेनगावच्या पुढच्या खेड्यातून हिंगोलीला एकदा यायचं तरी दोघांची मजुरी बुडते, त्यापुढे नांदेड-संभाजीनगर कोण गाठणार? आणि त्या कक्षातून मुलाला नुसता कागद मिळू नये. त्याच्या शिक्षकाच्या नावानं एक पान मिळावं, ज्यावर पुढच्या तीन महिन्यांत या मुलाला काय आणि कसं शिकवायचं ते लिहिलेलं असेल.

तोवर आपण काय करायचं? ज्यांचं मूल दुसरी ते पाचवीत आहे आणि वाचताना अडतं, त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यायचा. त्यात लिहायचं की माझ्या पाल्याला वाचन-लेखनात सतत अडचण येते, २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे त्याची प्राथमिक तपासणी करावी आणि विशेष शिक्षकांची मदत कधीपासून मिळेल ते कळवावं. अर्जाची पोच घ्यायची. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यायचा. यासाठी कुणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. अर्जाच्या प्रती बाहेर टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी माझ्या दोन सहकारी शिक्षिका तिथं बसल्या आहेत. लेकराचं नाव, इयत्ता आणि शाळा एवढं त्यांना सांगा, बाकीचं त्या भरून देतील. मीही तिथंच आहे, सगळे अर्ज लिहून होईपर्यंत.